मज्जेचा रोग आणि रक्ताचा वारसा

सन १८२२ च्या डिसेंबर महिन्यांत ऑगस्टस डेस्टे नांवाचा एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण इंग्लंडांतून स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत एका वडीलधाऱ्या आप्ताच्या भेटीस गेला. तो इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू. परंतु आईबापांचा विवाह कायद्यास मान्य नसल्यामुळें राजघराण्याचा मान त्याच्या वांट्यास आला नव्हता. तो तेथें पोहोंचतो तों आप्त निवर्तलेला. अंत्यविधीस बरीच मंडळी जमली होती, म्हणून त्यानें अश्रु आवरण्याची मोठी धडपड केली, पण ते आवरले नाहींत. त्यानंतर लगेच त्याला आलेलीं पत्रें वाचतां येईनात. तीं दुसऱ्याकडून वाचून घ्यावीं लागलीं आणि उत्तरेंहि दुसऱ्याच्या हातानें लिहवावीं लागलीं. कांहीं काळानें दृष्टि आपोआप निवळली. परंतु रोग गेला नव्हता. तो दबा धरून बसला होता. पुढें दृष्टि पुन्हां बिघडली, पाय लटपटूं लागले, शरीराच्या खालच्या भागाची संवेदना मंदावली आणि अखेर चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. सन १८४८ मध्यें त्याचा अंत झाला. हें सारें तो आपल्या रोजनिशींत टिपून ठेवीत असे. फक्त रोगाचें नांव त्याला कधींच लिहितां आलें नाहीं, कारण तें नांव अद्याप जन्मास आलें नव्हतें. विसाव्या शतकांत ती रोजनिशी वैद्यकाच्या अभ्यासकांच्या हातीं पडली, तेव्हां त्यांनीं तींतील लक्षणांवरून रोग ओळखला. तो रोग म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस.

मेंदूंतून व पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंतून जे मज्जातंतु जातात, त्यांवर मेदयुक्त पदार्थाचें एक वेष्टण असतें. त्यास मायलिन म्हणतात. विजेच्या तारेवर रबराचें आवरण असावें, तसें हें आवरण समजावें; त्याच्या योगानें संदेश वेगानें व न चुकतां पोहोंचतो. या रोगांत तें वेष्टण जागोजाग झडतें आणि त्या ठिकाणीं कठिण वण उरतो. वण डोळ्याच्या तंतूवर पडला तर दृष्टि अंधुक होते, मज्जारज्जूवर पडला तर पाय जड होतात. रोग बहुधा ऐन तारुण्यांत, वीस ते चाळीस या वयांत गांठतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक होतो. सन २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या जागतिक मोजणीप्रमाणें त्याचे सुमारें २८ लक्ष रोगी होते. हें वेष्टण कोण झाडतें, आणि तें असें कां करितें, या दोन प्रश्नांचा शोध म्हणजेच या रोगाचा इतिहास होय.

वण प्रथम दिसले ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडनमध्यें रॉबर्ट कार्सवेल आणि पॅरिसमध्यें झां क्रूव्हेल्ये यांनीं मज्जारज्जूवरील या डागांचीं रंगीत चित्रें काढविलीं. परंतु जिवंत रोग्याची व्यथा आणि मृताच्या मज्जेवरील डाग यांची नीट सांगड घातली ती पॅरिसच्या सालपेत्रियेर रुग्णालयांतील झां मार्तें शार्को यानें, सन १८६८ मध्यें. डोळ्यांच्या बुबुळांची थरथर, हात पुढें करतांच सुटणारा कंप आणि तुटक तुटक बोलणें या तीन खुणा त्यानें शिष्यांस शिकविल्या. रोगाला रूप आलें, नांव आलें. कारण मात्र आलें नाहीं. दीर्घकाळचें दुःख, मनस्ताप, थंडी व ओल अशीं कारणें स्वतः शार्कोनेंच सुचविलीं होतीं. डेस्टेची रोजनिशी वाचणाऱ्यालाहि क्षणभर वाटेल कीं, तें दुःखच त्याच्या डोळ्यांत उतरलें. पुढें शार्कोचाच शिष्य प्येर मारी यानें सन १८८४ मध्यें संसर्गाकडे बोट दाखविलें. म्हणजे रोग मनांतून येतो कीं बाहेरून येतो, हा वाद मांडला गेला. घरांतील माणसांचा संशय अजून कोणास आला नव्हता.

तो संशय येण्याजोगी एक खूण मात्र डोळ्यांसमोर होती. सन १८६३ मध्येंच रिंडफ्लाइश या जर्मन शास्त्रज्ञानें सूक्ष्मदर्शकांतून पाहून लिहून ठेवलें होतें कीं, प्रत्येक डागाच्या मध्यावर एक बारीक रक्तवाहिनी असते. सन १९१६ मध्यें एडिंबरोच्या जेम्स डॉसननें याच वाहिन्यांभोंवतीं गोळा झालेल्या पेशींचें फार बारकाईनें वर्णन केलें. आग लागली त्या प्रत्येक घरापाशीं एकच वाट येऊन मिळते, असें दिसलें तर त्या वाटेनें कोण आलें याची चौकशी करावी लागते. ती चौकशी पुढें झाली, पण अगदीं निराळ्या दिशेनें.

सन १८८५ मध्यें लुई पाश्चर यानें पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस काढली. ती लस संसर्ग झालेल्या सशाच्या मज्जारज्जूपासून तयार होत असे. भारतांत कसौली येथें डेव्हिड सेंपल यानें सन १९११ मध्यें मेंढीच्या मेंदूपासून अशीच एक लस सिद्ध केली. कुत्रें चावल्यावर पोटांत घ्यावयाचीं तीं इंजेक्शनें महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या जुन्या माणसांना चांगलींच आठवतात. या लशीनें असंख्य प्राण वांचविले. परंतु तीं टोंचून घेणाऱ्यांपैकीं थोड्यांना कांहीं दिवसांनीं पक्षाघातासारखा विकार होई. हा विकार कुत्र्याच्या विषाचा नव्हे, हें ध्यानांत येण्यास वेळ लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत टॉमस रिव्हर्स व त्याचे सहकारी यांनीं सन १९३३ ते १९३५ या काळांत माकडांना निरोगी मेंदूचा अर्क पुन्हां पुन्हां टोंचला. त्यांत कोणताहि जंतु नव्हता. तरी कांहीं माकडें लुळीं पडलीं आणि त्यांच्या मज्जेवरील वेष्टण झडलेलें आढळलें. अर्थ स्पष्ट होता. शरीराच्या रक्षणासाठीं ठेवलेल्या पेशींना मज्जेच्या पदार्थाची शत्रु म्हणून ओळख पटली, तर त्या आपल्याच धन्याच्या मज्जेवर तुटून पडतात. सन १९८७ मध्यें थायलंडमधील संशोधनानें हेंहि दाखविलें कीं, सेंपलच्या लशीनें विकार झालेल्यांच्या रक्तांत मायलिनमधील एका प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्यें असतात. भारतानें ती लस इ. स. २००५ च्या सुमारास बंद केली आणि पेशीसंवर्धनानें केलेली लस सर्वत्र घेतली.

पण लस टोंचलेल्या हजारों माणसांपैकीं एखाद्यालाच विकार कां व्हावा? आणि जगांतल्या ज्या लोकांना कोणीहि मेंदूचा अर्क टोंचलेला नाहीं, त्यांच्यांतील कांहींच्या पेशी आपण होऊन कां बिघडाव्या? या प्रश्नाचें उत्तर मज्जेंत नव्हतें, रक्तांत होतें.

सन १९५८ मध्यें पॅरिसचे झां दोसे यांना असें आढळलें कीं, तांबड्या पेशींचे जसे रक्तगट असतात, तशाच पांढऱ्या पेशींवरहि वंशपरंपरेनें आलेल्या खुणा असतात. या खुणांच्या समूहास एच. एल. ए. असें नांव पडलें. तीं जनुकें मनुष्याच्या सहाव्या गुणसूत्रावर एकत्र बसलेलीं आहेत. प्रारंभीं त्यांचें महत्त्व एकाचा अवयव दुसऱ्यास जुळतो कीं नाहीं, एवढ्यापुरतेंच मानलें जात असे. परंतु सन १९७२ मध्यें कोपनहेगन येथील येर्सिल्ड प्रभृतींनीं दाखविलें कीं, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यांत यांपैकीं कांहीं खुणा निरोगी लोकांपेक्षां अधिक वेळां सांपडतात. कॅलिफोर्नियांतूनहि त्याच वर्षीं तसाच वृत्तान्त आला. पुढील संशोधनांत हा संबंध अधिकाधिक नेमका होत गेला आणि अखेर डी-आर-बी-१ या जनुकाच्या १५:०१ या प्रकारावर येऊन ठेपला. ज्याला हा प्रकार वारशानें मिळाला, त्याला रोगाचा संभव इतरांच्या सुमारें तिप्पट असतो.

ही खूण करिते काय, याचें मर्म सन १९७४ मध्यें उलगडूं लागलें. ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें पीटर डोहर्टी व रोल्फ झिंकरनागेल यांनीं दाखविलें कीं, टी-पेशी या नांवाच्या पांढऱ्या पेशी परक्या वस्तूला नुसती ओळखीत नाहींत. ती वस्तु घरच्या पेशीनें आपल्या वंशागत खुणेच्या तबकांत ठेवून पुढें केली, तरच ओळखतात. तबकाचा आकार निराळा, तर त्यांत बसणारा तुकडाहि निराळा. डी-आर-बी-१ चें १५:०१ हें तबक असें आहे कीं, त्यांत मायलिनचे कांहीं तुकडे फार चांगले बसतात. टी-पेशींची शाळा छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथींत भरते. जी पेशी तेथें आपल्याच शरीराच्या तुकड्यावर झडप घालील ती नापास होते, म्हणजे मारली जाते. परंतु कोणत्याहि शाळेंतून कांहीं उनाड मुलें परीक्षकाची नजर चुकवून बाहेर पडतातच. आणि प्रत्येक मनुष्याच्या रक्तांत अशा कांहीं पेशी फिरत असतात.

मग सर्वांनाच हा रोग कां होत नाहीं? येथें जुळ्यांचा दाखला मोलाचा ठरला. कॅनडामध्यें जॉर्ज एबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सन १९८६ मध्यें जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे सर्व जनुकें सारखीं असलेल्या जुळ्यांपैकीं एकाला रोग असतां दुसऱ्यालाहि तो असल्याचें प्रमाण सुमारें २६ टक्के निघालें. भिन्न बीजांच्या जुळ्यांत तें २ टक्क्यांच्या थोडें वर होतें. या दोन आंकड्यांत सारा विषय साठविला आहे. वारशाला अर्थ आहे. नाहीं तर २६ आणि २ असा फरक पडता ना. परंतु वारसा म्हणजे ललाटलेख नव्हे. कारण जनुकें तंतोतंत सारखीं असूनहि चारांतील तीन भावंडें निरोगी राहिलीं. सोयरीक जुळवितांना घराण्यांतील एखाद्या रोग्याची गोष्ट कुजबुजत सांगणाऱ्या मंडळींनीं हा आंकडा लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

एच. एल. ए. नंतर पंचवीस वर्षें जवळजवळ रिकामीं गेलीं. सन १९९६ मध्यें ब्रिटन, अमेरिका व कॅनडा येथील तीन गटांनीं एकाच वेळीं रोगग्रस्त कुटुंबांचीं गुणसूत्रें चाळलीं. पण सहाव्या गुणसूत्रावरील त्या जुन्या जागेखेरीज खात्रीचें फारसें कांहीं हातीं लागलें नाहीं. एखादें बलवान् जनुक दडून बसलें आहे ही कल्पनाच चुकीची होती. शोधावयाच्या होत्या त्या शेंकडों दुबळ्या नोंदी. आणि त्या सांपडण्यास हजारों रोग्यांचीं रक्तें एकत्र पाहणें अवश्य होतें. अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं त्यासाठीं संघ स्थापिला. सन २००७ मध्यें त्यांनीं रोगी आणि त्याचे आईबाप अशीं ९३१ कुटुंबें तपासलीं, तेव्हां दोन नवीं जनुकें प्रकाशांत आलीं. विशेष हें कीं, दोन्ही मज्जेशीं संबद्ध नव्हतीं. दोन्ही टी-पेशींचीं होतीं.

त्यांतील पहिलें इंटरल्यूकिन-७ या द्रव्याच्या ग्राहकाचें. हें द्रव्य टी-पेशींना जगण्याची आज्ञा देतें, आणि ग्राहक म्हणजे ती आज्ञा ऐकणारा पेशीचा कान. जनुकांतील एका अक्षराच्या भेदामुळें हा कान पेशीला घट्ट जोडण्याऐवजीं सुटा होऊन रक्तांत तरंगणाऱ्या रूपांत अधिक तयार होतो, आणि त्यायोगें त्या द्रव्याचा अंमल अधिक काळ टिकतो. नवल असें कीं, धोका किंचित् वाढविणारें अक्षरच युरोपीय लोकांत अधिक आढळतें. म्हणजे तें ज्यांच्या रक्तांत आहे त्यांतील बहुसंख्य लोकांना हा रोग कधींच होत नाहीं. दुसरें जनुक इंटरल्यूकिन-२ च्या ग्राहकाचें. जपानचे शिमोन साकागुची यांनीं सन १९९५ मध्यें दाखविलें होतें कीं, हाच ग्राहक अंगावर ठळकपणें वागविणाऱ्या कांहीं टी-पेशी लढत नाहींत, तर लढणाऱ्यांना आवरतात. या शोधाबद्दल त्यांना दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांसह सन २०२५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. सन २००४ मध्यें बोस्टनच्या संशोधकांना आढळलें होतें कीं, रोग्यांत अशा आवरणाऱ्या पेशींची संख्या कमी नसते, पण त्यांचा वचक कमी असतो. केंब्रिज येथें सन २००९ मध्यें निरोगी स्वयंसेवकांचें रक्त तपासून असें ठरलें कीं, या जनुकाच्या निरनिराळ्या रूपांप्रमाणें पेशींवरील ग्राहकांची संख्या खरोखरच कमीजास्त होते. वंशभेदाचा परिणाम आतां कागदावरील टक्केवारींत नव्हे, तर एकेका पेशीवर मोजतां येऊं लागला.

नंतर शोधांचा वेग वाढला. सन २०११ मध्यें ज्ञात जागा पन्नासांवर गेल्या, सन २०१३ मध्यें ११० झाल्या. आणि सन २०१९ मध्यें ४७,४२९ रोगी व ६८,३७४ निरोगी माणसें यांची तुलना होऊन २३३ नोंदी निश्चित झाल्या. त्यांपैकीं बहुतेक जागा प्रथिनाच्या घडणींतील नव्हत, तर जनुक कोणत्या पेशींत किती जोरानें वाचलें जावें हें ठरविणाऱ्या आहेत. पोथींतील शब्द तेच. वाचणाऱ्याचा आवाज तेवढा चढतो किंवा उतरतो. आणि हा आवाज टी-पेशींप्रमाणेंच बी-पेशींत, रक्तांतील इतर रक्षकांत आणि मेंदूंतच राहणाऱ्या मायक्रोग्लिया या पहारेकऱ्यांतहि बदलतो, असें दिसून आलें. सुटी घेतली तर प्रत्येक नोंद क्षुल्लक. पुष्कळ एकत्र आल्या कीं पहाऱ्याचा स्वभावच तापट होतो.

या नोंदींचा उपयोग काय, याचें एक बोलकें उदाहरण आहे. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर नांवाचें द्रव्य दाह वाढवितें, आणि तें रोखणाऱ्या औषधांनीं सांधेदुखीचे रोगी बरे होऊं लागले होते. तेंच या रोगांतहि करावें असें कोणासहि वाटलें असतें. तसा प्रयोग झाला. परंतु सन १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निकालांत असें दिसलें कीं, औषध घेतलेल्यांचे झटके उलट वाढले. तें कां, हें तेव्हां कळलें नाहीं. सन २०१२ मध्यें ऑक्सफर्डच्या संशोधकांना आढळलें कीं, रोगाचा संभव वाढविणारा एक जनुकभेद शरीरांतच त्या द्रव्याला अडविणारा सुटा ग्राहक तयार करितो. म्हणजे निसर्ग ज्या वाटेनें रोगाकडे जातो, तीच वाट औषधानें धरली होती. वारशाची नोंद अगोदर वाचतां आली असती, तर त्या रोग्यांचे झटके टळले असते. उलट बी-पेशी घटविणारीं औषधें सन २००८ पासूनच्या प्रयोगांत गुणकारी ठरलीं आणि त्या पेशींच्या अपराधाची साक्ष पटली.

असे घातक जनुकभेद मनुष्यजातींत टिकले तरी कसे? सन २०२४ च्या जानेवारींत पुरातन सांगाड्यांतील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसतें कीं, १५:०१ हा प्रकार सुमारें पांच हजार वर्षांपूर्वीं काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांतून गुरें घेऊन आलेल्या पशुपालकांनीं उत्तर युरोपांत नेला. गुरांच्या सहवासांत जडणाऱ्या संसर्गांपासून अशा जनुकांनीं त्यांचें रक्षण केलें असावें, असें संशोधकांचें अनुमान आहे. आज उत्तर युरोपांत हा रोग दक्षिणेपेक्षां अधिक आढळतो, त्याचें एक कारण या जुन्या स्थलांतरांत असावें. रोग सर्व समाजांत सारखा पसरत नाहीं, हें मुंबईंतहि दिसलें होतें. डॉ. नोशीर वाडिया यांनीं सन १९९० मध्यें दाखविलें कीं, भारतांतील पारशी समाजांत हा रोग इतर भारतीयांहून बराच अधिक आहे. उलट बाजूचाहि दाखला आहे. टिक-२ नांवाच्या जनुकाचा एक भेद आईबापांकडून दुहेरी मिळाला तर या रोगापासून संरक्षण मिळतें. पण सन २०१८ मध्यें असें आढळलें कीं, त्याच माणसाला क्षयाचा धोका वाढतो. पहारेकरी तापट असला तर घरच्यांना मारतो, आणि निवांत असला तर चोराला आंत येऊं देतो.

चोर कोण, याविषयींहि बरीच स्पष्टता आली आहे. अमेरिकन सैन्यांतील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदी व जपून ठेवलेलें रक्त यांचा अभ्यास सन २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. एप्स्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या रोगाचा संभव ३२ पट होतो, असें त्यांत निघालें. हा विषाणु बी-पेशींतच मुक्काम करितो. परंतु तो जगांतील बहुतेक प्रौढांना होऊन गेलेला असतो आणि त्यांतील फार थोड्यांनाच हा रोग होतो. म्हणजे प्येर मारीचा संसर्ग खरा, रिंडफ्लाइशची रक्तवाहिनी खरी आणि कोपनहेगनची वंशागत खूणहि खरी; एकट्या कोणाचेंच उत्तर पुरें नव्हतें.

एक प्रश्न मात्र वेगळ्या वाटेनें गेला. रोग कोणाला होईल हें रक्षक पेशींचीं जनुकें सांगतात. पण झालेला रोग कोणाला किती लवकर पंगु करील, हें तीं सांगत नाहींत. सन २०२३ मध्यें १२,००० हून अधिक रोग्यांच्या अभ्यासांत अशी पहिली नोंद सांपडली. ती दुहेरी असणाऱ्यास चालण्यासाठीं आधार लागण्याची वेळ सुमारें पावणेचार वर्षें अलीकडे येते. आणि ज्या जनुकांजवळ ती आहे, तीं मेंदूच्या व मज्जारज्जूच्या पेशींत वावरणारीं आहेत. हल्ला रक्ताचा, पण तो सोसण्याची ताकद मज्जेची, असा हा भेद आहे.

ऑगस्टस डेस्टे यानें कित्येक वर्षें आपल्या देहाचा ताळेबंद प्रामाणिकपणें लिहिला. त्याच्या लेखी त्याचा आरंभ एका अंत्यविधीपासून होता, आणि अश्रु आवरण्याच्या धडपडीबद्दल त्यानें स्वतःला दोष दिला असता तरी त्या काळीं कोणी त्याचें खंडन करूं शकलें नसतें. आज तें करतां येतें. त्याचे अश्रु निर्दोष होते, आणि त्याच्या पूर्वजांचें रक्तहि दूषित नव्हतें. त्या रक्तांत पुष्कळ पिढ्यांनीं साथींशीं झुंज देतां देतां कमावलेली एक तीक्ष्ण पहाऱ्याची रीत होती, आणि कोणत्या तरी एका घडीस तिनें घरच्याच माणसावर हत्यार उगारलें. घरांत असा रोगी असलेल्या माणसाला या दीडशें वर्षांच्या इतिहासानें हेंच सांगावयाचें आहे कीं, आईबापांनीं मुलाला रोग दिलेला नसतो. रक्षणासाठीं जें होतें तें सर्व दिलेलें असतें, आणि त्यांतच ही जोखीमहि आलेली असते.